पाण्यातली मशीद

कवळीवाल्यांच्या घरात दुःख शिरलं त्याला वर्ष उलटून गेलं, तरी दुःखाबरोबर जी माणसं आत आली होती ती काही बाहेर पडायला तयार नव्हती.

कवळीवाले हे नाव त्यांना स्वतःला मुळीच पसंत नव्हतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवत. पुढच्या खोलीत डॉक्टर पेशंटला 'आ' करायला लावून माप घेत, आणि मागे हे त्या मापात प्लास्टर ओतत, मेणाची हिरडी घडवत आणि तिच्यात एकेक दात असा बसवत की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जन्माला आला तोच हे दात घेऊन. अशा माणसाला कारागीर म्हणा, कलावंत म्हणा, निदान आडनावानं तरी हाक मारा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पण इमारतीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात त्यांचेच दात होते आणि त्याच दातांनी ते त्यांना कवळीवाले म्हणत. तिथे तक्रार करायची तरी कुठल्या तोंडानं?

बायको बस स्थानकावर उद्घोषणा करायची. काचेच्या चिमुकल्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा धावते आहे, हे ती गावाला सांगायची. तिचा आवाज ओळखत नाही असा माणूस गावात नव्हता. गाडी रद्द झाल्याबद्दल ती दिलगिरी व्यक्त करायची तेव्हा भांडायला निघालेली माणसं पुन्हा बाकावर बसायची.

त्यांना एकुलती एक मुलगी होती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. सव्वीस वर्षांची होती. याच्यापुढे त्या घरात कोणी बोलत नसे, म्हणून आपणही पुढे जाऊ.

सांत्वनाला माणसं आली ती रीतच आहे, त्याबद्दल कवळीवाल्यांना काही म्हणायचं नव्हतं. पण सांत्वनाची जी एक मुदत असते ती या माणसांना कोणी सांगितलेली नव्हती. बायकोची थोरली बहीण आठवडाभरासाठी म्हणून आली होती, तिच्या साड्यांनी आता कपाटाचा एक खण व्यापला होता. इमारतीचे सेक्रेटरी रोज संध्याकाळी यायचे आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणून तासभर बसायचे. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर सकाळी पेपर घेऊन यायचे आणि त्यातल्या वाईट बातम्या वगळून वाचून दाखवायचे, त्यामुळे वाचन लवकर संपायचं आणि मग ते आयुष्य या विषयावर बोलायचे. कवळीवाले ऐकत नसत. माणूस बोलायला लागला की त्यांचं लक्ष त्याच्या दातांवर जाई. हेडमास्तरांची खालची कवळी 'आत्मा' म्हणताना किंचित उचलली जायची. तो शब्द वर्षभरात त्यांनी इतक्या वेळा ऐकला की तिची बैठक एकदा तपासून घ्यावी असं त्यांच्या फार मनात होतं, पण अशा वेळी विचारणार कसं?

आणि एवढ्या माणसांत ही दोघं एकमेकांशी काय बोलत? चहा घेणार का. ठेव. पाणी आलं का. आलं. बायको तर दिवसभराचे शब्द स्टँडवरच संपवून येत असावी असं वाटायचं.

अशात एक दिवस दवाखान्यात एक पेशंट आला. पुढचे दात बसवून घ्यायला दूरच्या गावाहून आलेला. त्याने दातांचा रंग निवडता निवडता सांगितलं की त्याच्या गावाजवळ धरण झालं तेव्हा एक जुनी मशीद पाण्याखाली गेली. काही शतकांची, विटांची, एकाच जाड बुटक्या मिनाराची. बहुतेक वर्ष ती पाण्याखाली असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हळूहळू वर येते, आधी मिनार, मग घुमट, मग कमानी. वर सरकलेल्या गावातली माणसं खाली येतात, गाळ उपसतात, फरशी धुतात आणि पाणी परत चढेपर्यंत तिथे नमाज पढतात. मग पुन्हा सोडून जातात. इतकी वर्षं पाण्यात उभी आहे, पण एक कमान ढासळली नाही.

कवळीवाल्यांनी घरी येऊन ही हकीकत बायकोला सांगितली. सांगायला दुसरं काही नव्हतं म्हणून सांगितली. ती भांडी पुसत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत मासे असतील का?"

कवळीवाले चमकले. चहापाणी सोडून वर्षभरात तिने आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न होता. ते म्हणाले, असतील. ती म्हणाली, "बघायला पाहिजे." आणि पातेलं जागेवर ठेवलं.

इथून सगळं सुरू झालं. खरं तर किती साधी गोष्ट. दोन तिकिटं काढायची, बसमध्ये बसायचं, एक इमारत बघायची आणि परत यायचं. बायको स्टँडवरच कामाला, म्हणजे गाडी चुकायचीही भीती नाही. पण कवळीवाल्यांनी चूक केली. थोरल्या मेव्हणीच्या देखत बॅग काढली.

 मेव्हणी जिना उतरून सेक्रेटरींकडे गेली. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी दवाखान्यात आले आणि दाढ दुखत असल्याचं सांगून मागच्या खोलीत शिरले. त्यांच्या दाढा कधीच काढून झाल्या होत्या, आणि ज्याने त्या बदलून दिल्या त्यालाच ते हे सांगत होते. दार लोटून घेऊन त्यांनी विचारलं की सहलीला जायचं तर बागा आहेत, डोंगर आहेत, मग नेमकं पाण्याजवळच का? तेही बुडालेलं काहीतरी बघायला? ही कल्पना कोणाची?

कवळीवाले म्हणाले, हिची.

सेक्रेटरींनी मोठा सुस्कारा सोडला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "कवळीवाले, वहिनींवर लक्ष ठेवा. मी आणखी काही बोलत नाही."

ते आणखी काही बोलले नाहीत, पण जे बोलले ते पुरेसं होतं. कवळीवाल्यांच्या हातातलं मेण थंड होऊन गेलं. असं काही त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आणि एकदा आल्यावर ते जाईना. 'बघायला पाहिजे' हे ती कुठल्या सुरात म्हणाली होती? ज्या बाईचा सूर गावभर ओळखतात, तिचा सूर नवऱ्याला कळू नये? जाणं रद्द करावं तर वर्षभरात तिने एवढं एकच मागितलं होतं. न्यावं तर हे असं. शेवटी त्यांनी ठरवलं की न्यायचं, पण तिचा हात सोडायचा नाही.

इमारतीने मात्र वेगळं ठरवलं होतं. या दोघांना एकटं जाऊ द्यायचं नाही.

आता परवानगीचा प्रश्न आला. जलाशयात उतरायला परवानगी लागते हे हेडमास्तरांनी शोधून काढलं, आणि ते शोधल्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं. कवळीवाले पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी शांतपणे समजावलं की मशीद बुडालेली असते तेव्हा ती त्यांच्या खात्याची, पण कोरडी झाली की पुरातत्त्व खात्याची. कवळीवाल्यांनी विचारलं, आणि अर्धी बुडालेली असली तर? साहेबांनी बराच विचार केला. म्हणाले, ते तुम्हाला कुठली अर्धी बघायची त्यावर आहे.

पुरातत्त्व खात्याचे साहेब रजेवर होते. त्यांच्या जागेवरचे साहेब म्हणाले की मशीद किती वर आली आहे ते पाटबंधारे खात्याने कळवल्याशिवाय आम्हाला काही सांगता येत नाही. पाटबंधारेवाले म्हणाले, त्यांनी विचारल्याशिवाय आम्ही कसं कळवणार? या दोन ऑफिसांच्या मधल्या रस्त्यावर कवळीवाल्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. सेक्रेटरींना हे कळलं तेव्हा ते खुशीत आले. त्यांच्या ओळखीचे कोणीतरी होते. सेक्रेटरींच्या ओळखीचे कोणीतरी नेहमीच असत. त्यांनी शब्द टाकला आणि परवानगी आली. फक्त ती गटासाठी होती. एकट्यादुकट्याला जाता येणार नाही, असं नियमातच होतं, असं सेक्रेटरींनी दोनदा सांगितलं.

मग मिनीबस ठरली. मग तारीख ठरली आणि ती हेडमास्तरांच्या गुडघ्यामुळे पुढे गेली. दुसरी तारीख मेव्हणीने बदलली, कारण तिला डबे करायला वेळ हवा होता. तिसऱ्या तारखेला बसचा ड्रायव्हर आला नाही. तोवर बसमध्ये जागा उरल्या आहेत असं इमारतीत पसरलं आणि ज्यांना कवळीवाल्यांचं दुःख नीटसं माहीतही नव्हतं अशी माणसंही सोबत म्हणून यायला तयार झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी तर जिन्यात विचारलं की तिकडे खरेदीला काही मिळतं का.

या सगळ्या काळात बायको रोज स्टँडवर जात होती, येत होती. तिने एकदाही विचारलं नाही की कधी जायचं. कधीमधी वर बघितलं तर ती आपल्याकडेच बघते आहे असं कवळीवाल्यांना दिसायचं, आणि मग दोघंही दुसरीकडे बघायची.

निघाले तेव्हा बस खच्चून भरली होती. बायकोला खिडकीपासून लांब, थोरली बहीण आणि खरेदीवाल्या बाई यांच्या मधे बसवलं होतं. कवळीवाले सेक्रेटरी आणि हेडमास्तर यांच्या मधे. प्रवासभर त्यांना बायकोचा फक्त अंबाडा दिसत होता. मधे चहाला बस थांबली तेव्हा कवळीवाले आडोशाला गेले, तर सेक्रेटरी मागोमाग आले आणि शेजारी उभं राहून आकाशाकडे बघत राहिले. माणसाचं वय पन्नाशीच्या पुढे गेल्यावर ज्या काही गोष्टी त्याला एकट्याने करू द्यायला हव्यात, त्यांत ही पहिली यावी असं कवळीवाल्यांचं मत होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. एवढंच विचारलं की तुम्हालाही लागली आहे का. सेक्रेटरी म्हणाले, नाही, मी सोबत आलोय.

हेडमास्तरांनी वाटेत मशिदीची माहिती दिली. त्यांनी बरंच वाचून काढलं होतं. ही मशीद नेहमीसारखी नाही, तिचा मिनार एका कोपऱ्यावर एकटाच आहे आणि त्याचा सज्जा मुद्दाम खाली ठेवलेला आहे, कारण गाव खोलगट दरीत होतं आणि खालून दिलेली हाक दोन्ही बाजूंच्या उतारांवर आपटून वर चढायची. ती बघायची तर सकाळच्या उन्हातच बघावी, असंही ते म्हणाले. तेव्हा दुपार कलायला लागली होती.

शेवटच्या वळणावरून बस खाली उतरली आणि सगळे खिडक्यांकडे सरकले. समोर पाणीच पाणी होतं.

तारखा बदलण्यात जे आठवडे गेले होते, तेवढ्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. मशीद होती, पण कमानी जवळजवळ पूर्ण बुडाल्या होत्या. घुमट पालथ्या वाडग्यासारखा दिसत होता आणि त्याच्या शेजारी तो जाड मिनार गुडघाभर पाण्यात उभ्या माणसासारखा. विटांवर पाण्याच्या जुन्या रेघा एकावर एक चढत गेल्या होत्या.  मग हेडमास्तरांनी पाण्याकडे बोट करून आत काय काय आहे ते सांगायला सुरुवात केली.

काठावर एक होडीवाला होता. त्याच्या होडीला मोटर होती आणि तो आधी मोटारसायकली दुरुस्त करायचा, म्हणून मोटरीची काळजी नको, असं त्याने स्वतःच सांगितलं. मिनाराच्या सज्ज्यावर उतरता येतं, बघायचं, फोटो काढायचे, परत यायचं. एका खेपेला चार माणसं.

म्हणजे त्या दोघांबरोबर दोनच. यावरून काठावर सभा भरली. मेव्हणीला होडीची भीती वाटत होती, पण बहिणीला एकटं सोडायची त्याहून जास्त. सेक्रेटरींना पोहता येत नव्हतं आणि वेळ आली तर उडी कोण मारणार, हा प्रश्न त्यांनी उघडपणे नाही तरी डोळ्यांनी सगळ्यांना विचारला. हेडमास्तरांनी गुडघा पुढे केला. होडी नकोच, इथूनच छान दिसतंय, असा एक पक्ष निघाला. आता पंधरा माणसं तावातावाने ठरवत असली की ज्यांच्यासाठी ठरवायचं असतं त्यांच्याकडे कोणाचं लक्ष राहत नाही. बायको शांतपणे उतारावरून खाली गेली आणि होडीत जाऊन बसली.

 कवळीवाले धावले, चिखलात घसरले, उठले, आणि होडीत जवळजवळ आडवेच पडले. होडीवाल्याला वाटलं, खेप ठरली. त्याने दोरी ओढली. मेव्हणीची किंकाळी त्यांना ऐकू आली तेव्हा होडी काठापासून लांब गेलेली होती.

सज्ज्याजवळ आल्यावर बायकोने चपला काढल्या. मशिदीत पाय ठेवायचा तर काढायलाच हव्या, म्हणून कवळीवाल्यांनीही बूट काढले. दोन्ही जोड त्यांनी होडीत नीट ओळीने ठेवले. होडीवाला म्हणाला की तो पलीकडे वळसा घालून येतो, तोवर बघून घ्या. वळसा घालताना मोटर खोकली, पुन्हा खोकली आणि बंद पडली. होडीवाल्याने ती उघडली. पाण्याला ओढ होती. बघता बघता होडी घुमटाच्या मागून पुढच्या वळणाकडे निघाली. होडीवाला वाकून मोटरीत काहीतरी शोधत होता, आणि एकदा वर बघून त्याने धीर देण्यासाठी हात हलवला. मग होडी, होडीवाला आणि दोन्ही जोड दिसेनासे झाले.

सज्जा हातभर रुंद होता. मागे एक बुटकं दार, आत गोल जिना. वर जाणाऱ्या पायऱ्या ढिगाऱ्याने बुजलेल्या होत्या आणि खाली जाणाऱ्या पाण्यात शिरत होत्या. पाण्यातून हिरवट उजेड वर येऊन गोल भिंतीवर हलत होता. वाळका चिखल आणि ओल्या विटा यांचा वास होता. कवळीवाले हे बघत होते तेवढ्यात बायको आत गेली आणि खाली उतरू लागली. एक पायरी, दुसरी पायरी. पाणी तिच्या घोट्याला लागलं.

कवळीवाल्यांनी तिचा दंड धरला. इतका घट्ट की त्यांची बोटं दुखली.

"सोडा," ती म्हणाली. "लागतंय."

"वर ये आधी."

"अहो, मी आत बघत होते नुसती."

ती वर आली, पण त्यांनी दंड सोडला नाही.  ते म्हणाले, "तू इथे त्यासाठी तर आली नाहीस ना?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही त्यासाठी आलात."

"मी?"

"ताई म्हणाली मला. तुझ्या नवऱ्याने बुडालेलं काहीतरी शोधून काढलंय, त्याच्यावर लक्ष ठेव. म्हणून तर आले. 'बघायला पाहिजे' म्हटलं होतं ते सहज, नाहीतर मला कुठे जायची इच्छा होती?"

कवळीवाल्यांनी तिला सेक्रेटरी आणि त्यांच्या दाढेची हकीकत सांगितली. ती सांगताना त्यांचा आवाज कापत होता, म्हणून अर्धी त्यांना दोनदा सांगावी लागली. ज्या दाढा नाहीतच त्या दुखत होत्या, इथवर आल्यावर बायकोच्या तोंडातून एक आवाज निघाला. रडू असेल म्हणून ते घाबरले. ते हसू होतं. फार दिवसांनी बाहेर काढलेल्या कपड्यासारखं, घड्या पडलेलं. मग तेही हसले, आणि हसता हसता दोघं भिंतीला टेकून सज्ज्यावर खाली बसली. पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून ते पाण्यावर सोडले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या आसपास कोणी नव्हतं.

हसू संपल्यावर ती म्हणाली, "मला तिचा आवाज आठवत नाही."

कवळीवाले तिच्याकडे वळले.

"चेहरा आठवतो. चालणं आठवतं. आवाज गेला. मी रोज दिवसभर बोलते ना त्या माईकवर, मला वाटतं माझ्याच आवाजाने तिचा पुसला. शब्द आठवतात, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतात. कोणाला सांगू हे? ताईला सांगितलं असतं तर ती पुन्हा रडली असती."

आपल्याला तरी तो आवाज आठवतो का, हे कवळीवाल्यांनी मनात चाचपून पाहिलं. नीटसा नाही. त्यांना मुलीची आठवण यायची ती वेगळीच यायची, आणि ती सांगण्यासारखी नाही असं ते आजवर धरून चालले होते. पण आता ते म्हणाले, "माझ्याकडे तिचे दात आहेत."

तिने मान वळवली.

त्यांनी सांगितलं. मुलगी बारा वर्षांची असताना तिच्या दातांना तार बसवायची होती, तेव्हा डॉक्टरांनी माप घेतलं होतं आणि प्लास्टर यांनीच ओतलं होतं. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे. डावीकडचा वरचा सुळा पुढे आलेला. समोरच्या दाताचा कोपरा उडालेला, नळावर आपटली होती तेव्हाचा. पुढे तार बसली, दात सरळ झाले. असे जुने ठसे टाकून देतात. त्यांनी टाकला नव्हता. दवाखान्यातल्या त्यांच्या खणात तो होता, आणि गेलं वर्षभर रोज काम सुरू करण्याआधी ते तो हातात घेऊन बसत.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"आणि मला नाही सांगितलंत."

 तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

इकडे काठावर काय चाललं होतं याची कल्पना केलेली बरी. होडी या दोघांशिवाय वाहत जाताना सगळ्यांनी पाहिली होती. मिनाराची काठाकडची बाजू रिकामी होती, कारण ही दोघं पलीकडच्या बाजूला बसली होती. मेव्हणीने मोठ्याने रडायला सुरुवात केली. सेक्रेटरी बुटांसकट गुडघाभर पाण्यात शिरले आणि तिथेच उभे राहून कवळीवाल्यांच्या नावाने हाका मारू लागले. त्या हाका, मेव्हणीचं रडणं, बसचा हॉर्न, सगळं पाण्यावरून सज्ज्यापर्यंत आलं. कवळीवाले उठून वळसा घालून काठाच्या बाजूला आले आणि ओरडले, आम्ही इथे आहोत. काठावर त्यांची आकृती दिसली, शब्द कोणाला कळले नाहीत. काय, उडी मारतोय? असं कोणीतरी म्हटलं आणि रडणं दुप्पट झालं.

मग बायको त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने पदर नीट केला, आणि स्टँडवर बोलायची त्याच आवाजात, ना मोठ्याने ना हळू, म्हणाली, "कृपया लक्ष द्या. आम्ही दोघं सुखरूप आहोत. होडी बंद पडली आहे. यायला उशीर होईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

हाक दोन्ही उतारांवर जाऊन परत आली. काठ एकदम गप्प झाला. सेक्रेटरी पाण्यात होते तिथेच थांबले.

सांगून झालं होतं. पण एका गाडीचं सांगून पुढच्या गाडीचं सांगण्याआधी ती घ्यायची तसा श्वास तिने घेतला. कवळीवाल्यांना तो श्वास माहीत होता.

"आमची मुलगी गेली," ती त्याच आवाजात म्हणाली. "तिला जाऊन वर्ष झालं."

पाण्याने तेही काठापर्यंत नेलं, आणि उतारांवरून परत आणलं. आपलंच वाक्य ऐकू आलं तसा तिचा आवाज मोडला. ती खाली बसली आणि रडली. कवळीवाल्यांनी तिला धरलं, पण उगी म्हणाले नाहीत.

दुसरी होडी मिळायला संध्याकाळ झाली. काठावर दोघं अनवाणी उतरली तेव्हा कोणी पुढे आलं नाही, कोणी काही विचारलं नाही. मेव्हणीने डब्यातलं काही देऊ केलं, तेही न बोलता. सेक्रेटरींची विजार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि ते कवळीवाल्यांच्या नजरेला नजर देत नव्हते. बसमध्ये चढताना हेडमास्तरांनी आपली जागा सोडली, सेक्रेटरींनी त्यांची, आणि दोघांना एका बाकावर बसायला मिळालं. खरेदीवाल्या बाईंनी आपल्या पिशवीतल्या सपाता काढून बायकोच्या पायांपाशी ठेवल्या. कवळीवाले मात्र घरापर्यंत अनवाणीच आले, आणि त्याबद्दल त्यांना विशेष काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको स्टँडवर जायच्या आधी दवाखान्यात आली. डॉक्टर यायचे होते. मागच्या खोलीत एकच स्टूल होतं, ते त्यांनी तिला दिलं आणि आपण उभे राहिले. खण उघडला, वरचं फडकं बाजूला केलं आणि ठसा तिच्या ओंजळीत ठेवला.

 पुढे आलेल्या सुळ्यावरून तिने अंगठा फिरवला. उडालेला कोपरा बोटाने चाचपला. वरचा जबडा खालच्यावर बसवला, नीट बसेपर्यंत थोडा हलवला, आणि दात दातांवर घासले गेले. कर्र असा बारीक आवाज झाला.

ती थांबली. पुन्हा हलवला. कर्र.

"झोपेत दात खायची," ती म्हणाली. "लहानपणी. मी शेजारी पडलेली असायचे ना, रात्रभर कानाशी हेच."

तिने डोळे मिटले, ठसा कानापाशी नेला आणि हळूहळू, झोपलेल्या पोरीचा श्वास चालतो त्या लयीत, ती तो हलवत राहिली. पांढरी भुकटी तिच्या बोटांवर, पदरावर पडत होती. असं घासलं की प्लास्टर झिजतं, हे कवळीवाल्यांना माहीत होतं. त्यांनी फडकं तिच्या मांडीवर पसरलं.